चौदा नंबरचं क्रॉसिंग

डेपोत त्याला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. ड्रायव्हर, कंडक्टर, ग्रीसने माखलेले मेकॅनिक, गाड्या धुणाऱ्या बायका, सगळ्यांच्या तोंडी तो चार्टमास्तर. एकशे दहा बसगाड्यांपैकी कुठली कधी सुटणार, कोण चालवणार, वाटेत समोरून येणाऱ्या गाडीला कुठे भेटणार, हे तो एका लांबलचक कागदावर रंगीत पेन्सिलींनी आखायचा. वर आडवी वेळ, डावीकडे उभे थांबे आणि मध्ये तिरक्या रेघा. जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे दोन गाड्या समोरासमोर येतात, त्याला डेपोत क्रॉसिंग म्हणतात. कॉम्प्युटर येऊन सहा वर्षं झाली होती, पण कॉम्प्युटरने काढलेला चार्ट साहेब अजूनही गुपचूप त्याच्याकडेच तपासायला पाठवायचे.

त्याचा हट्ट एकच. चार्टात रिकामी चौकट दिसता कामा नये. दिसली की त्याचा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा.

"मास्तर, तुमच्याकडे जेवायला आलो तर एक घास किती मिनिटांत गिळायचा ते आधी सांगून ठेवा," मिशाकाका म्हणायचे. हे चौदा नंबरच्या रूटवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली आणि मिशा अशा, की गाडीच्या काचेतून आधी त्याच दिसायच्या.

चार्टमास्तर हसायचा. त्याला ते कौतुक वाटायचं.

घरीही तो तसाच होता. फ्रिजच्या दारावर कागद: दूध कोणी आणायचं, आंघोळ कोणी आधी करायची, मुलींचा अभ्यास किती ते किती. बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. अर्ध्या मिलिमीटरची चूक चालायची नाही असं तिचं काम, तेव्हा तिलाही नीटनेटकेपणाचं वावडं नव्हतं. पण चौदा-पंधरा वर्षांनी एके सकाळी तिने तो कागद फ्रिजवरून काढला, चार घड्या घातल्या आणि त्याच्या डब्याखाली ठेवला. "मी तुमच्या डेपोतली गाडी नाही," एवढंच म्हणाली. भांडण नाही, आदळआपट नाही. दोन महिन्यांत तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या, चौदा नंबर जिथे संपते तिथे. त्याचं घर चौदा नंबर जिथून सुटते तिथे, डेपोला लागून.

दोघांच्या मध्ये उरल्या दोन मुली. थोरली तेरा वर्षांची, धाकटी नऊची.

दोघांनाही दोघी हव्या होत्या. समुपदेशन केंद्रात तीन बैठका झाल्या. खोलीत प्लॅस्टिकचं झाड, एक कुरकुरणारा पंखा आणि "मुलांचं हित सर्वांत आधी" असं मोठ्या अक्षरात लिहिलेला तक्ता. मुलं मात्र कधी आत आली नाहीत. ती बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसायची आणि आत मोठी माणसं त्यांच्या हिताची ओढाताण करायची. पहिल्या बैठकीत दोघं ओरडले, दुसऱ्या बैठकीत दोघं गप्प बसले. तिसऱ्या बैठकीत बायको म्हणाली, "दोघी तिकडे गेल्या की मी त्या घरात काय भिंतींशी बोलू?" चार्टमास्तरच्याही मनात नेमकं तेच वाक्य होतं.

चौथ्या बैठकीला तो चार्ट घेऊन आला.

लाल रेघ थोरलीची, निळी धाकटीची. एक आईकडे असेल तेव्हा दुसरी बापाकडे. बुधवारी आणि शनिवारी अदलाबदल. संध्याकाळी सहाला दोन्ही टोकांहून चौदा नंबर सुटते, तेव्हा एकीने इकडून बसायचं, दुसरीने तिकडून. कंडक्टर सगळे ओळखीचे, पोरी सुखरूप पोचतील. नवराबायकोला एकमेकांचं तोंड बघायची गरज नाही. दिवस दोघांना सारखे. घर कोणाचंच रिकामं नाही, एक संध्याकाळसुद्धा.

समुपदेशक बाईंनी कागद आडवा-उभा फिरवून बघितला. "इतका नेटका प्रस्ताव मी पहिल्यांदाच बघते," म्हणाल्या. बाहेर अजून नऊ जोडपी बसली होती.

बायकोने मात्र रेघांवरून बोट फिरवलं. थांबली.

"या दोघी एकमेकींना भेटणार कधी?"

"शाळेत भेटतातच की," चार्टमास्तर म्हणाला.

शाळा एकच होती हे खरं. पण धाकटीची सकाळची, मागच्या गल्लीतल्या फाटकाची. थोरलीची दुपारची, पुढच्या फाटकाची. एक सुटायची तेव्हा दुसरी अजून पाठीवर दप्तर चढवत असायची. हे त्याला ठाऊक होतं, तिलाही. सहा नंबरची बस शाळेपाशी किती वाजता येते हे सेकंदासकट सांगणाऱ्या माणसाला आपल्या पोरींच्या वेळा माहीत नसतील? चार्ट काढताना लाल आणि निळी रेघ कुठेच एकत्र चालत नाही हे त्याने पाहिलं होतं. त्या फक्त छेदत होत्या, पाण्याच्या टाकीपाशी, सहा वाजून पंचवीस मिनिटांनी. पेन्सिल तिथे क्षणभर अडली होती. मग रिकाम्या घराचा विचार आला आणि पेन्सिल पुढे गेली.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि सही केली.

फॉर्ममध्ये शेवटी एक रकाना होता, "मुलांचे म्हणणे". चार्टमास्तरने आपल्या वळणदार अक्षरात त्यात लिहिलं, "लागू नाही". डेपोचे फॉर्म भरताना मोकळा रकाना सोडायचा नाही ही सवय.

पाच महिने सगळं घड्याळाच्या काट्यावर चाललं. शेजारपाजारचे म्हणायचे, वेगळं व्हावं तर असं. तोही म्हणायचा. संध्याकाळी घरी कोणीतरी असायचं, कधी पाण्याची लाल बाटली ओट्यावर, कधी निळी. थोरली कमी बोलायची, पण वय तसं म्हणून त्याने सोडून दिलं. धाकटी शेवटचा घास ताटात ठेवून उठायची. "हा कोणाचा?" त्याने एकदा विचारलं. "सवय आहे," ती म्हणाली. पूर्वी तिचा शेवटचा घास थोरली पळवायची, हे त्याला चमचा धुताना आठवलं. चमचा धुऊन झाला, त्याने नळ बंद केला आणि विषयही.

मग एका सोमवारी टेबलावर तक्रार आली. एका प्रवाशाने लेखी कळवलं होतं: चौदा नंबरच्या संध्याकाळच्या सहाच्या दोन्ही गाड्या दर बुधवारी आणि शनिवारी पाण्याच्या टाकीपाशी विनाकारण थांबतात, चार-चार, पाच-पाच मिनिटं. मागे हॉर्न वाजतात, ड्रायव्हर ऐकत नाहीत.

चार्टमास्तरचं डोकं सणकलं. त्याने शेवटच्या थांब्यावरच्या नोंदी मागवल्या. सगळ्या "वेळेवर". म्हणजे नोंदी घेणाराही सामील! त्याने तिथल्या तिथे मिशाकाकांच्या नावाने मेमो काढला. खुलासा द्या, नाहीतर सेवापुस्तकात लाल शेरा. निवृत्तीच्या तोंडावर लाल शेरा म्हणजे काय हे तो जाणून होता, तरी त्याने सही केली. बुधवार आणि शनिवार हे शब्द डोळ्यांसमोर असूनही त्याच्या डोक्यात काही पेटलं नाही, याची लाज त्याला पुढे सगळ्यात जास्त वाटली.

दुपारी मिशाकाका आले. मेमो घडी घालून खिशात ठेवलेला.

"लिहून देऊ की तोंडी सांगू?"

"आधी तोंडी सांगा. टाकीपाशी कोण बसलंय तुमचं? चहा पाजतं का कोणी?"

"माझं कोणी नाही. तुमचं आहे."

"कोड्यात बोलू नका, काका."

मिशाकाकांनी खुर्ची ओढली. कधी बसायचे नाहीत, त्या दिवशी बसले. "माझ्या गाडीत तुमची एक पोरगी असते, समोरच्या गाडीत दुसरी. पहिल्या महिन्यात दोघी खिडकीतून नुसता हात करायच्या. गाडी पुढे गेली की तुमची धाकटी सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून बघत राहायची, टाकी दिसेनाशी होईपर्यंत. एकदा मी ब्रेक मारला. समोरच्यानेही मारला. मी त्याला सांगितलं नव्हतं, मास्तर, त्याचा त्यानेच मारला. गाडीला गाडी लावली, खिडकीला खिडकी. तेव्हापासून रोज... म्हणजे तुमच्या त्या दोन दिवशी."

चार्टमास्तरने हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली.

"एक वही आहे त्यांची. तीन-चार दिवस ही लिहिते, मग तीन-चार दिवस ती. खिडकीतून इकडची तिकडे जाते. कधी हेअरबँड, कधी अर्धं खोडरबर. धाकटी मला आरशातून दोन बोटं दाखवते. म्हणजे अजून दोन मिनिटं." काकांनी मिशीवरून हात फिरवला. "शेरा मारायचा तर मारा. पण त्या समोरच्याला मारू नका, त्याच्या घरी लहान मूल आहे."

"डेपोत कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"तुम्ही सोडून?" मिशाकाका उठले. "गाड्या धुणाऱ्या मावशीसुद्धा विचारतात, आज पोरी बोलल्या का म्हणून."

बुधवारपर्यंत थोरली त्याच्याकडे होती. तो घरी आला तेव्हा ती टेबलाशी बसून लिहीत होती. त्याला पाहून तिने वही मिटली. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, कोपरे फाटलेले. पाच महिने त्याने ती गणिताची वही समजून दप्तराच्या वर रचून ठेवली होती.

"काकांनी सांगितलं," तो म्हणाला.

थोरलीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "त्यांना काही करू नकोस. आम्ही आता नाही थांबवणार गाडी. नुसता हात करू."

ओरडली असती तर त्याला बोलता आलं असतं. पण ती वाटाघाट करत होती, पाच मिनिटांवरून शून्यावर यायला तयार होती, त्याच्यासमोर, डेपोच्या साहेबासमोर उभं राहिल्यासारखी.

"मला दाखवशील?"

ती जरा विचारात पडली. मग मधली पानं हाताखाली दाबून तिने फक्त शेवटचं पान उघडलं. त्यावर पट्टीने आखलेला तक्ता होता. वर तारखा, खाली मिनिटं. पहिल्या आठ चौकटींत नुसती फुली. पुढे चार, तीन, पाच, चार. रेघा सरळ, अंक सुबक. बापाचंच अक्षर. खाली बेरीज: दोन तास सोळा मिनिटं.

"पाच महिन्यांचे," ती म्हणाली. "एका सिनेमाएवढे."

त्याने बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. तिने विचारलं, "तुला माहीत होतं ना, बाबा? चार्ट काढतानाच?"

खोटं बोलायला जागा होती. कामाच्या गडबडीत लक्षात आलं नाही, बाईंनी मान्य केलं, आईनेही सही केली. तिन्ही वाक्यं जिभेवर आली.

"हो," तो म्हणाला. "माहीत होतं."

थोरलीने वही दप्तरात ठेवली आणि उठून आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. हलकेच लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून चष्म्याच्या दुकानात गेला. अकरा वर्षांत त्याने अशी रजा घेतली नव्हती. मागच्या बाजूला बायको घासायच्या चाकावर वाकली होती. चाकावर पाणी टपकत होतं, काचेची पांढरी राड तिच्या बोटांवर. त्याला बघून तिने चाक थांबवलं नाही.

"काय, चष्मा करायचाय? जवळचं दिसत नाही की लांबचं?"

"चार्ट चुकलाय."

आता चाक थांबलं. "तुमचा चार्ट? चुकला? थांबा, पेपरवाल्यांना बोलावते."

त्याने सगळं सांगितलं. बस, खिडक्या, वही, दोन तास सोळा मिनिटं. ती टॉवेलला हात पुसत राहिली, बोटं स्वच्छ झाल्यावरसुद्धा.

"थांबतात ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "दीड महिन्यापासून. धाकटीच्या दप्तरात थोरलीचा हेअरबँड सापडला तेव्हा विचारलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला? तुम्हाला? तुम्ही लगेच टाकीपाशी पाच मिनिटांचा थांबा टाकून दिला असता, शिक्क्यासकट." मग तिचा आवाज खाली आला. "खरं सांगू? बोलले असते तर एक तरी घर रिकामं झालं असतं. माझं झालं असतं तर? म्हणून बोलले नाही. पोरींनी भेटायची सोय केलीच आहे, असं म्हणून झाकून टाकलं. मी तरी काय वेगळी आहे."

दुकानात कोणीतरी भिंतीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होतं, शेवटच्या ओळीपाशी अडखळत होतं.

"दोघी एकत्र राहू देत," तो म्हणाला. "आठवडा तुझ्याकडे, आठवडा माझ्याकडे. पहिला तुझ्याकडे."

"का? उपकार नकोत. तुमच्याकडे राहू देत आधी."

"तुझ्याकडे."

"तुमच्याकडे म्हटलं ना!"

मालकाने पडद्यातून डोकं आत घातलं. "ताई, भांडण आहे का?"

"नाही, देवाणघेवाण चाललीय," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. ते लगेच विरलं. "थांबा. पुन्हा आपणच ठरवतोय. मागच्या वेळी तुम्ही त्या रकान्यात काय लिहिलं होतं, आठवतंय?"

त्याला आठवत होतं. ते दोन शब्द कालपासून डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी दोघं पाण्याच्या टाकीपाशी उभे होते, दोन माणसांचं अंतर ठेवून. पाच महिन्यांत पहिल्यांदाच शेजारी. ठरल्याप्रमाणे दोन्ही मुलींना आपापल्या टोकाला गाडीत बसवलं होतं, मग रिक्षाने आधी येऊन पोचले होते.

सहा पंचवीसला दोन्ही गाड्या आल्या. मिशाकाकांनी ब्रेक मारला, समोरच्यानेही. गाडीला गाडी, खिडकीला खिडकी. दोघींची डोकी बाहेर आली, मधल्या हातभर जागेत वही पुढे झाली, आणि धाकटीला खाली उभे असलेले आईबाबा दिसले. तिने झटकन वही मागे ओढली. चोरी पकडल्यासारखी.

चार्टमास्तरने ते पाहिलं. त्या एवढ्याशा हालचालीने त्याला जे वाटलं ते पुढे त्याने कोणालाच सांगितलं नाही.

"उतरा," आई म्हणाली. "दोघी उतरा. रागावणार नाही."

मागे हॉर्न वाजत होते. मिशाकाका खिडकीतून ओरडले, "अरे, बाजूने काढ ना गाडी! एवढा रस्ता पडलाय!" दोघी उतरल्या. धाकटी धावत जाऊन थोरलीला इतकी चिकटली, की दप्तरासकट दोघी खांबावर आदळल्या. मिशाकाकांनी कोणाकडे न बघता गाडी काढली.

टाकीच्या कट्ट्यावर चौघं बसले. चार्टमास्तरने कोरा कागद काढून थोरलीपुढे ठेवला. "तुम्ही सांगा. मी लिहितो."

"तूही कबूल कर आधी," थोरली आईकडे बघत म्हणाली. "बाबाने केलंय."

आईने मान खाली घातली. "मलाही माहीत होतं गं. माझंही चुकलं."

मग थोरली बोलली. धाकटी मध्ये मध्ये भर घालत होती. दोघी कायम एकत्र. शुक्रवारी शाळा सुटली की घर बदलायचं, म्हणजे दप्तर एकदाच भरायला लागतं. पहिला आठवडा आईकडे, कारण तिथल्या पलंगावर दोघी मावतात. वाढदिवसाला चौघं एकाच टेबलावर, भांडायचं असेल तर दुसऱ्या दिवशी. आणि नवीन काही ठरवायचं तर आधी विचारायचं.

"आणि फ्रिजवर कागद लावायचा नाही," धाकटी म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

"आणि काकांना शेरा नको."

"त्यांचा मेमो मीच काढला होता," त्याला सांगावं लागलं. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. तिला ते समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर ती कट्ट्यावरून सरकून आईच्या बाजूला जाऊन बसली.

सोमवारी त्याने तक्रारीच्या फाइलवर खुलासा लिहिला. विलंबाचे कारण: वेळापत्रकातील चूक. जबाबदार: चार्ट विभाग. खाली स्वतःची सही. साहेबांनी विचारलं, "नक्की? तुमच्या चार्टात?" तो "नक्की" म्हणाला आणि लाल शेरा आपल्या फाइलमध्ये लावून घेतला. डेपोला दोन दिवस चघळायला विषय मिळाला. मिशाकाकांनी फक्त एकदा खिडकीतून डोकावून सांगितलं, "मास्तर, पोरी आल्या की गाडीत पुढच्या सीटवर बसवा. तिथून रस्ता चांगला दिसतो."

बुधवारी संध्याकाळी दोन्ही चौदा नंबर टाकीपाशी न थांबता एकमेकींना ओलांडून गेल्या. नोंद आली, वेळेवर. एरवी त्या शब्दाने त्याचा दिवस गोड व्हायचा.

घरी आला. ओट्यावर एकही बाटली नव्हती. त्याने एक अंडं उकडलं. टेबलावर नवा कागद पसरून लाल आणि निळी पेन्सिल काढली आणि दोन्ही रेघा एकमेकींना खेटून, एकाच ओळीत, शुक्रवारपर्यंत आईच्या घरात नेल्या. खाली त्याच्या घराची ओळ होती. सात चौकटी, सातही मोकळ्या.

हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. त्याने तो मागे घेतला, कागद तसाच ठेवला आणि अंडं सोलायला बसला.